लॉस एंजेलिस काउंटीत हजारो नोकऱ्या जातात, तरी बेरोजगारीचा दर जागचा हलत नाही. हे आकडे बनवलेले असतात का?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याला लॉस एंजेलिसमधल्या एका व्हीएफएक्स (सिनेमातली संगणकावर बनवलेली दृश्यं) स्टुडिओची ऑफर आहे, तुम्ही स्वतः टेक्सासमध्ये हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये काम करता, आणि इकडे यायचं की नाही ते ठरवायला काउंटीचे दर महिन्याचे रोजगाराचे आकडे बघताय. जुलैत नोकऱ्या धपकन कमी झाल्या तरी दर तसाच राहिला. पुढे नोकऱ्या वाढल्या, तर दरही वाढला. त्यामुळे शंका आली.

आकडे बनवलेले नाहीत. एकाच पानावर दोन वेगवेगळ्या मोजण्या शेजारी शेजारी छापतात आणि वाचणाऱ्याला ती एकच गोष्ट वाटते. मी कार्सनजवळ एका गोदाम-वाहतूक कंपनीत पगाराचं काम बघते. त्यातल्या एका मोजणीचा फॉर्म दर महिन्याला मीच भरते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आवाका. लॉस एंजेलिस काउंटी म्हणजे फक्त लॉस एंजेलिस शहर नव्हे. लाँग बीच, बरबँक, पॅसाडेना, ग्लेनडेल, आपल्या भारतीय दुकानांच्या पायोनियर बुलेव्हार्डचं आर्टेशिया अशी ८८ शहरं त्यात येतात आणि लोकसंख्या १ कोटीच्या घरात आहे. साधारण पुणे जिल्ह्याएवढा कारभार धरा. काम करणारे आणि काम शोधणारे मिळून सुमारे ५० लाख, म्हणजे दर ०.१ ने हलला तर जेमतेम ५ हजार माणसं इकडची तिकडे झाली. (पुणे जिल्ह्याचा असा दरमहा आकडा शोधायला जाऊ नका. आपल्याकडे भारतात पीएलएफएसचे, म्हणजे सरकारच्या श्रमबल पाहणीचे, मासिक आकडे एप्रिल २०२५ पासून सुरू झाले, तेही देशपातळीवरचे.)

पहिली मोजणी घरोघरची. अमेरिकाभरात दर महिन्याला साधारण ६० हजार घरांना विचारतात. महिन्याची १२ तारीख ज्या रविवार ते शनिवार आठवड्यात येते, त्या आठवड्यात तुम्ही काय केलंत, एवढाच सवाल. पैशासाठी एक तास जरी काम केलं असेल तरी तुम्ही रोजगारात. काम नव्हतं, करायची तयारी होती आणि गेल्या चार आठवड्यांत खरोखर शोधलं, तर बेरोजगार. शोधणंच सोडलं असेल तर तुम्ही दोन्हीकडे नाही, हिशोबातूनच बाहेर. म्हणून लोक कंटाळून घरी बसले की दर खाली येतो, आणि बाजार जरा बरा दिसला म्हणून पुन्हा अर्ज करायला लागले की वर जातो. नोकऱ्या आणि दर एकदम वाढले त्यामागे हे एक कारण असू शकतं.

दुसरी मोजणी पगारपत्रकांची, म्हणजे माझ्या फॉर्मची. त्यात कुणाचं नाव नसतं. १२ तारीख ज्या पगाराच्या मुदतीत येते त्या मुदतीत किती जणांना पगार दिला, त्यात बायका किती, सुपरवायझर सोडून बाकीचे किती, त्यांचे तास किती आणि पैसे किती. पगार एका दिवसाचा असला तरी माणूस मोजायचा. त्यामुळे एखादा मुलगा दोन दिवस आमच्याकडे राबला, सोडून गेला आणि त्याच आठवड्यात शेजारच्या गोदामात चिकटला, तर तो माझ्याही फॉर्ममध्ये असतो आणि त्यांच्याही. माणूस एक, नोकऱ्या दोन. उलट, उबर चालवणारा किंवा घरी बसून स्वतःच्या नावावर कामं घेणारा ग्राफिक डिझायनर इथे सापडतच नाही, कारण त्याचं नाव कुणाच्याच पगारपत्रकात नसतं. घरोघरच्या मोजणीत मात्र तो रोजगारात धरला जातो.

आणखी एक गंमत आमच्या गोदामात दर वर्षी बघते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंदरातून माल धो धो येतो, तेव्हा आतमध्ये माणसंच माणसं असतात, पण त्यातली बरीचशी एजन्सीची. त्यांचा पगार एजन्सी देते, त्यामुळे ती माझ्या फॉर्ममध्ये येत नाहीत. बॉक्स आमचे उचलतात आणि मोजली जातात व्यावसायिक सेवांच्या रकान्यात. म्हणून ‘गोदामांत नोकऱ्या वाढल्या नाहीत’ अशी बातमी वाचली की मला हसू येतं.

घरोघरची मोजणी माणूस राहतो कुठे ते बघते, पगारपत्रकाची मोजणी नोकरी कुठे आहे ते. अर्व्हाइनला राहून बरबँकला कामाला येणाऱ्या माणसाची नोकरी गेली, तर नोकरी लॉस एंजेलिस काउंटीतून कमी होते आणि बेरोजगार वाढतो ऑरेंज काउंटीत. रिव्हरसाइड आणि सॅन बर्नार्डिनोहून रोज इकडे येणाऱ्यांचं तेच. ही गळती दोन्ही बाजूंनी चालू असते.

पण जुलैचं कोडं याहून सोपं आहे. लॉस एंजेलिस काउंटीच्या मासिक पत्रकात बेरोजगारीचा दर हंगामी चढउतार वगळून छापतात आणि उद्योगवार नोकऱ्या मात्र जशाच्या तशा, कच्च्या. राज्याचा रोजगार विभाग, म्हणजे ईडीडी, ही दोन्ही वाक्यं एकाखाली एक छापतो. जुलैत शाळा बंद असतात. इथला शाळा-जिल्हा देशात दुसऱ्या क्रमांकाचा. ज्यांचा पगार सुट्टीत थांबतो असे कॅफेटेरियातले, बसवरचे, वर्गात मदतनीस असलेले लोक पगारपत्रकातून हजारोंनी गळतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात परत येतात. जानेवारीत नाताळची दुकानदारी आणि कुरिअरची कामं संपली की पुन्हा तसाच खड्डा. हे दर वर्षी होतं हे दर काढणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून दर हलत नाही. नोकऱ्यांच्या रकान्यात मात्र ते नागडंच दिसतं.

हंगामी फरक काढलेला दर काउंटीला मिळणं हेही लॉस एंजेलिसचं विशेष. ६० हजारांतली इथल्या वाट्याला येणारी घरं इतकी थोडी की नुसत्या त्यांच्यावरून १ कोटी लोकांचा दर काढणं धाडसाचं. म्हणून त्या उत्तरांना बेरोजगारी भत्त्याचे दावे आणि पगारपत्रकांची जोड देऊन एका मॉडेलमधून दर काढतात. इथलं मॉडेल स्वतंत्र आहे. शेजारच्या ऑरेंज काउंटीचा दर त्याच पत्रकात कच्चाच येतो. त्यामुळे ‘लॉस एंजेलिसपेक्षा ऑरेंज बरं’ असं एका महिन्याच्या दोन आकड्यांवरून म्हणू नका. तुलना करायचीच तर दोन्हीकडचे कच्चे आकडे घ्या, आणि तेही त्याच महिन्याचे.

आता तुमच्या नवऱ्याच्या धंद्याकडे येते. २०२३ साली लेखकांचा संप २ मेला सुरू झाला आणि २७ सप्टेंबरला मिटला. नटांचा १४ जुलैपासून ९ नोव्हेंबरपर्यंत चालला. संपावरच्या माणसाला पगाराच्या पूर्ण मुदतीत दमडीही मिळाली नाही, तर पगारपत्रकाच्या मोजणीत त्याची नोकरी गेली. घरोघरच्या मोजणीत मात्र ‘नोकरी आहे, संपामुळे कामावर नाही’ असं सांगणारा रोजगारातच गणला जातो. आणि शूटिंगच नाही म्हणून घरी बसवलेला व्हीएफएक्सवाला, जो संपात नव्हताच, तो नवं काम शोधायला लागला की बेरोजगार. संप तोच, पण त्याची शिक्षा कोणत्या रकान्यात दिसेल ते माणसागणिक वेगळं. त्या उन्हाळ्यात एका पत्रकावरून हॉलिवूडची हालत सांगणाऱ्यांची कीव येत होती.

संप मिटले तरी कामं पूर्वीइतकी परतली नाहीत, आणि हे तुम्ही नीट ध्यानात घ्या. काउंटीत सिनेमा आणि ध्वनिमुद्रणाच्या नोकऱ्या २०२२ च्या अखेरीला सुमारे १ लाख ४० हजार होत्या, २०२४ च्या अखेरीला १ लाखाच्या आसपास आल्या. याला हंगामी चढउतार म्हणता येत नाही. कामं जॉर्जिया, ब्रिटन, कॅनडाकडे गेली, स्ट्रीमिंगवाल्यांनी मालिका कमी केल्या. कॅलिफोर्नियाने जुलै २०२५ मध्ये चित्रीकरणासाठीची वार्षिक करसवलत ३३ कोटी डॉलरवरून ७५ कोटींवर नेली ती याच धास्तीने. त्याचा व्हीएफएक्सला किती उपयोग होतो ते पगारपत्रकांत दिसायला वेळ लागेल, कारण शूटिंग आधी आणि व्हीएफएक्स नंतर.

तुमच्या स्वतःच्या क्षेत्राबद्दल बातम्या गोड असतात: आरोग्यक्षेत्र जोरात. खरं आहे, पण त्या रकान्याचं पूर्ण नाव ‘आरोग्यसेवा आणि सामाजिक साहाय्य’ असं आहे. त्यातली वाढ मोठ्या प्रमाणात घरी जाऊन म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणाऱ्यांची, आणि ही कामं कमी पगाराची. हॉस्पिटल बिलिंगशी त्याचा संबंध नाही. तक्त्यात खाली उतरून ‘रुग्णालये’ ही ओळ वेगळी वाचा. आणि वाचताना मागच्या महिन्याशी तुलना करणारा रकाना सोडून मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करणारा बघा. शाळांची सुट्टी, नाताळ, सगळं दोन्ही बाजूंना सारखंच असल्यामुळे ते आपोआप वजा होतं. मी तरी गेली कित्येक वर्षं तो एकच रकाना वाचते.

‘आकडे बदलतात म्हणजे काहीतरी लपवतात’ असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं, असंही तुम्ही लिहिलंय. बदलतात हे खरंच. पहिला आकडा येतो तेव्हा सगळ्यांचे फॉर्म आलेलेच नसतात. पुढच्या महिन्यात दुरुस्ती होते, आणि दर मार्चमध्ये मोठी दुरुस्ती, कारण तोवर बेरोजगारी विम्याच्या कराच्या नोंदी हातात येतात आणि त्यांत जवळजवळ प्रत्येक पगारी माणूस असतो. देशाच्या आकड्यांतून ९ लाख ११ हजार नोकऱ्या कमी कराव्या लागतील, असा प्राथमिक अंदाज सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला तो अशाच पडताळणीतून. त्याच्या आदल्या महिन्यात, १ ऑगस्टला, मे-जूनच्या आकड्यांतून दुरुस्तीत २ लाख ५८ हजार नोकऱ्या कमी केल्यावर ट्रम्प यांनी बीएलएसच्या, म्हणजे हे आकडे काढणाऱ्या केंद्रीय खात्याच्या, आयुक्त एरिका मॅकएन्टार्फर यांना घरी पाठवलं. मला विचाराल तर दुरुस्ती करणारं खातं जास्त भरवशाचं. आकडा मिळवताच आला नाही तर रकाना रिकामा सोडतात हेही बघितलंय: सरकार ठप्प होतं म्हणून ऑक्टोबर २०२५ च्या घरोघरच्या मुलाखती झाल्याच नाहीत, आणि त्या महिन्याचा देशाचा बेरोजगारी दर कायमचा गायब आहे.

दराचा उपयोग काय मग? लांबून बघायला. २०१० च्या सुमाराला इथे तो १२ टक्क्यांच्या वर होता. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये जवळजवळ पाचातला एक बेरोजगार होता, देशाचा उच्चांक १४.८ टक्के असताना. कारण हॉटेलं, रेस्टॉरंटं, स्टुडिओ, विमानतळ हीच तर इथली कमाई. असा डोंगर दरात स्पष्ट दिसतो. ०.१ किंवा ०.२ ची हालचाल कुणाच्याही घराचा निर्णय करायच्या लायकीची नसते.

आता निर्णयाचं. व्हिसाबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल आणि तुम्ही त्याच्या जोरावर एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावरच्या ईएडीवर (कामाच्या परवान्यावर) काम करत असाल, तर माझ्या मते दरापेक्षा एक वेगळा आकडा तुमच्या कामाचा आहे. नोकरी गेल्यावर नवी शोधायला त्याला जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत. देशभरात २०२५ मध्ये बेरोजगारांपैकी निम्मे लोक साधारण १० आठवड्यांहून जास्त काळ शोधात होते, म्हणजे ७० दिवस. सिनेमाच्या धंद्यात याहून लवकर काम मिळेल असं धरून चालू नका. त्याचं स्टेटस गेलं की तुमची परवानगीही त्याच्यामागे जाते. शिवाय इथला बेरोजगारी भत्ता आठवड्याला जास्तीत जास्त ४५० डॉलर. त्यात पॅसाडेनात दोन खोल्यांचं भाडंही निघत नाही.

त्या स्टुडिओचं नाव ईडीडीच्या ‘वॉर्न’ यादीत शोधा. ७५ किंवा अधिक माणसं असलेल्या कंपनीला मोठी कपात करायच्या ६० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती यादी सगळ्यांना खुली असते. गेल्या दोन-तीन वर्षांत नाव किती वेळा आलंय ते मोजा. आणि सही करण्याआधी नवऱ्याला एवढं विचारायला सांगा की ही नेमणूक कायमची आहे की एका प्रोजेक्टपुरती, आणि तो प्रोजेक्ट कोणत्या महिन्यात संपतो. प्रोजेक्टपुरती असेल तर मी तुमच्या जागी असते तर टेक्सासची नोकरी सोडली नसती. त्याला आधी एकट्याला येऊ द्या आणि दरम्यान तुम्ही तिथूनच इथल्या हॉस्पिटलांत अर्ज टाका. बिलिंगची बरीच कामं घरून करता येतात, ती तुम्हाला आत्ताही मिळू शकतील.