सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर वाढलेलं आणि रिपोर्टमध्ये 'हायपरप्लेझिया' आलाय. याचा वजनाशी खरंच संबंध असतो का? पिशवी काढावीच लागते का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: ताईचं वय 44, उंची 5 फूट 2 इंच, वजन 88 किलो. दोन-दोन महिने पाळी येत नाही आणि आली की पंधरा दिवस अंगावरून जातं, गाठी पडतात. क्युरेटिंगच्या, म्हणजे अस्तर खरवडून तपासल्याच्या रिपोर्टमध्ये 'एंडोमेट्रियल हायपरप्लेझिया विदाउट एटिपिया' लिहिलंय, म्हणजे अस्तर जास्त वाढलंय पण पेशींचं रूप बिघडलेलं नाही. एक डॉक्टर म्हणाले पिशवी काढून टाका, दुसरे म्हणाले आधी वीस किलो वजन कमी करा, मग बघू. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. एवढ्या माहितीवरून तरी मला यातला एकही सल्ला पटत नाही.

संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे. दर महिन्याला पाळीनंतर ओव्हरीतून येणारं इस्ट्रोजेन पिशवीचं अस्तर वाढवत नेतं. मध्यावर स्त्रीबीज फुटतं आणि त्या जागेतून प्रोजेस्टेरॉन यायला लागतं. ते वाढ थांबवतं आणि अस्तर पक्व करतं. पुढे तेही कमी झालं की सगळं अस्तर सुटून पडतं, म्हणजे पाळी येते. स्त्रीबीज फुटलंच नाही तर प्रोजेस्टेरॉनही नाही. शेतात पेरणी चालूच आहे आणि खुरपणीला कोणी फिरकतच नाही, अशी अवस्था होते. अस्तर आठवडेच्या आठवडे वाढत राहतं आणि मग इथून थोडं, तिथून थोडं असं ढासळतं. ताईंचं दोन महिने बंद आणि पंधरा दिवस चालू हे त्यातूनच आलंय.

आता यात चरबीचं काय काम? चरबीच्या पेशींत अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं. बायकांच्या शरीरातही थोडे पुरुषी हार्मोन असतात. हे एन्झाइम त्यांचं इस्ट्रोजेन करतं. चरबी जितकी जास्त, तितकं हे इस्ट्रोजेन जास्त, आणि त्याला महिन्याचा चढउतार नसतो. रजोनिवृत्तीनंतर ओव्हरी थांबते, हे काम थांबत नाही. शिवाय वजन वाढलं की इन्शुलिन वाढतं. त्यामुळे हार्मोनला रक्तात धरून ठेवणारं लिव्हरचं प्रथिन कमी होतं आणि मोकळं इस्ट्रोजेन वाढतं. पीसीओडी (ओव्हरीत बारीक गाठी आणि हार्मोनचा असमतोल) असेल तर स्त्रीबीज फुटण्याची आधीच बोंब. ताईंची पाळी लग्नाआधीपासून अनियमित असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

नुसतं इस्ट्रोजेन काय करतं हे अमेरिकेत एकदा दिसून आलेलं आहे. तिथे रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी बायकांना फक्त इस्ट्रोजेनच्या गोळ्या सर्रास देत. 1975 मध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिकात दोन अभ्यास आले आणि या बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर कितीतरी जास्त असल्याचं दिसलं. तेव्हापासून पिशवी असलेल्या बाईला सोबत प्रोजेस्टेरॉन द्यायची पद्धत पडली. लठ्ठपणात तेच नुसतं इस्ट्रोजेन शरीर स्वतः बनवत असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2016 मध्ये लठ्ठपणाशी जोडलेले तेरा कॅन्सर जाहीर केले. त्यांत सर्वांत घट्ट संबंध याचाच निघाला: बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 40 च्या वर असेल तर धोका सुमारे सात पट.

हे वाचून घाबरू नका, कारण ताईंचा रिपोर्ट त्या टोकाचा नाही. एटिपिया म्हणजे पेशींचं रूपच बिघडणं, आणि उपचाराची दिशा त्यावर ठरते. एटिपिया नसेल तर पुढच्या 20 वर्षांत कॅन्सर होण्याची शक्यता 5 टक्क्यांहून कमी असते आणि बहुतेक जणींचं अस्तर पूर्ववत होतं. एटिपिया असता तर मी वेगळं बोलले असते. 2006 च्या एका अमेरिकन अभ्यासात बायोप्सीत एटिपिया आलेल्या 289 बायकांच्या पिशव्या काढून तपासल्या, तेव्हा जवळपास 43 टक्के जणींत कॅन्सर आधीच झालेला होता. तिथे पिशवी काढा हा सल्ला बरोबरच आहे, मूल हवं असेल तरच दुसरा विचार. तुमच्या रिपोर्टला तो लागू होत नाही.

एक मात्र खरं की क्युरेटिंग अंदाजानेच होतं, अस्तराचा काही भाग आणि एखादा पॉलिप हातातून निसटू शकतो. दुर्बिणीतून, म्हणजे हिस्टेरोस्कोपी करून नमुना घेतला नसेल तर त्याबद्दल विचारा. रिपोर्टची भाषा गुळमुळीत वाटली तर लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक (नमुन्याच्या काचा आणि मेणात बसवलेला तुकडा) मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी बाहेरच्या स्लाइड पुन्हा पाहून मत देतात.

आता उपचार. जे कमी आहे ते द्यायचं, म्हणजे प्रोजेस्टेरॉन. पहिली पसंती मिरेनासारख्या हार्मोनच्या कॉपर-टीला. (तिच्यात तांबं नसतं, पण सगळ्या तिला कॉपर-टीच म्हणतात.) औषध थेट अस्तरावर पडतं, रक्तात फार थोडं जातं. 2014 मध्ये नॉर्वेतल्या एका अभ्यासात सहा महिन्यांनी ही बसवलेल्या सगळ्या जणींचं अस्तर पूर्ववत झालं. रोज गोळी घेणाऱ्यांत 96 टक्के आणि महिन्यातले दहाच दिवस घेणाऱ्यांत 69 टक्के. म्हणून 'महिन्यातून दहा दिवस गोळ्या घ्या' असं कोणी लिहून दिलं असेल तर रोज का नाही, हे विचारा. कॉपर-टीनंतर पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग लागतात. नेमक्या याच वेळी कंटाळून ती काढायला येणाऱ्या पुष्कळ असतात. काढू नये.

गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला घेतात ती नॉरएथिस्टेरॉनची गोळीही याच जातीची. ती घरात असते म्हणून मनानेच सुरू करू नका. तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि जास्त वजनात रक्ताच्या गुठळ्यांची जोखीम आधीच असते. गोळीच द्यायची झाली तर अशा वेळी मी मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन देते. उपचार किमान सहा महिने, मग पुन्हा बायोप्सी, सहा महिन्यांनी आणखी एक. दोन्ही स्वच्छ आल्या तरी ताईंचा बीएमआय 35 च्या वर असल्याने पुढे दरवर्षी तपासणी. रक्तस्राव थांबला म्हणजे अस्तर सुधारलं असं धरून चालू नका.

पिशवी काढण्याबद्दल आपल्याकडे फार सैलपणे बोललं जातं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या केवढ्या संख्येने काढल्या गेल्या, हे 2019 मध्ये सगळ्यांनी वाचलं. उपचार करूनही अस्तर सुधारलं नाही, एटिपिया आला किंवा रक्तस्राव आटोक्यातच येत नसेल तर ऑपरेशन जरूर करावं. पण जाड शरीरात भूल, टाके, गुठळ्या हे सगळं जिकिरीचं होतं. 'आता उघडलंच आहे तर ओव्हरीही काढू' असं कोणी म्हणालं तर 44 व्या वर्षी ते कशासाठी, हे आधी विचारा. आणि पिशवी गेली तरी वाढलेलं इन्शुलिन, साखर, बीपी तिथेच राहतं.

दुसऱ्या सल्ल्यावर माझा राग जास्त आहे. वीस किलो उतरायला वर्ष-दोन वर्षं लागतात, तोवर अस्तर थांबणार आहे का? उपचार आजपासून, वजन त्याच्या जोडीने. वीसचा आकडाही डोक्यातून काढा. 5 ते 10 टक्के, म्हणजे ताईंच्या बाबतीत साडेचार ते नऊ किलो कमी झालं तरी अनेकींचं स्त्रीबीज पुन्हा फुटायला लागतं. पन्नाशीपुढच्या 36 हजारांहून जास्त अमेरिकन बायकांच्या पाहणीत, ठरवून 5 टक्के किंवा जास्त वजन घटवलेल्यांत या कॅन्सरचा धोका 29 टक्के कमी दिसला.

हिमोग्लोबिन मात्र आधी तपासा. महिन्यातले पंधरा दिवस रक्त जातं, हिमोग्लोबिन सात-आठवर, जिना चढताना धाप लागते, आणि वर आम्ही सांगतो रोज पाऊण तास चाला! आधी लोह भरून काढा. सोबत थायरॉइड आणि तीन महिन्यांची साखर. सोमवार, चतुर्थी, एकादशी धरूनही वजन हलत नाही म्हणणाऱ्या बायकांचं फराळाचं ताट मी विचारते: साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, वर तूप. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण उगाच पडलेली नाही. पण बाईने वजनाबद्दल घरच्यांची बोलणी आधीच पुष्कळ खाल्लेली असतात, तुम्ही त्यात भर घालू नका. शक्य असेल तर तिच्याबरोबर चालायला जा.

घरात कोणाला पन्नाशीच्या आत आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल तर ते डॉक्टरांना सांगा, मग हिशोब बदलतो आणि तुमचीही तपासणी लागू शकते. रिपोर्टचा पूर्ण मजकूर नाव झाकून इथे टाकलात तर स्लाइड पुन्हा दाखवाव्या का, ते सांगेन.