मिस्त्रींना पहिल्या रांगेत बसवा

प्रश्न : आम्ही पाच मित्र, सगळे पन्नाशीच्या आसपास, कॉलेजपासूनचे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून साठ-सत्तरच्या दशकातले अमेरिकन मोटरसायकल टोळ्यांचे सिनेमे बघायचं ठरवलं. पहिलाच 'द वाइल्ड एंजल्स' लावला. अर्ध्यात दोघांनी मोबाइल काढले, एक घोरायला लागला आणि चर्चमधला प्रसंग सुरू झाल्यावर यजमानाची बायको "हे काय घाणेरडं बघताय" म्हणून उठून गेली. आता पुढचा लावायची हिंमत होत नाही. कुठं चुकलं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वहिनींचं काहीही चुकलेलं नाही, हे आधी सांगून टाकतो. तुमचं मात्र दोन ठिकाणी चुकलं. एक म्हणजे सुरुवात चुकीच्या सिनेमानं केलीत. दुसरं, बहुधा सगळे गप्प बसलात. हे सिनेमे गप्प बसून बघायचे नसतात.

ते बनायचे ड्राइव्ह-इनसाठी. उघड्या मैदानात गाड्या लावायच्या, खिडकीला छोटा स्पीकर अडकवायचा आणि आत बसलेल्या पोरापोरींनी खायचं, भांडायचं, एकमेकांच्या गळ्यात पडायचं. अधूनमधून पडद्याकडे बघायचं. म्हणून गोष्ट अशी की दहा मिनिटं चुकली तरी काही बिघडत नाही. लांबच लांब रस्ता, पंधरा-वीस गाड्या, वर कर्कश गिटार. आपल्याकडे जत्रेतल्या तंबूत सिनेमा बघितलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तंबूत कोण गप्प बसायचं?

त्यात मोटरसायकल टोळी म्हणजे निर्मात्यासाठी सगळ्यात स्वस्त मामला. सेट नको, कॅलिफोर्नियाचं वाळवंट फुकट, रस्ता सरकारचा. 'द वाइल्ड एंजल्स'मध्ये तर दिग्दर्शक रॉजर कॉर्मननं हेल्स एंजल्स या खऱ्याखुऱ्या मोटरसायकल टोळीलाच गाड्यांसकट कामाला लावलं. 1966 चा सिनेमा, खर्च साडेतीन लाख डॉलरच्या आसपास, कमाई त्याच्या कितीतरी पट. नायक म्हणून आधी घेतलेल्या जॉर्ज चकिरिसला मोटरसायकल चालवता येईना, म्हणून दुय्यम भूमिकेतला पीटर फोंडा नायक झाला. तीन वर्षांनी 'ईझी रायडर' आला तो याच माणसामुळे. पुढची चार-पाच वर्षं जो तो टोळीचे सिनेमे काढत सुटला. जॅक निकल्सन, ब्रूस डर्न, डेनिस हॉपर ही मंडळी याच धुळीत उमेदवारी करत होती.

आता आमची तऱ्हा सांगतो. साताऱ्यात माझ्या माडीवर हा उद्योग सात वर्षं चालू आहे. चुन्याची भिंत हाच पडदा. डिस्क भाचा न्यू जर्सीहून आणतो, शर्टांच्या घड्यांत घालून. विमानतळावर एकदा बॅग उघडली तर वर 'सेटन्स सॅडिस्ट्स'चं कव्हर. अधिकाऱ्यानं आधी कव्हराकडे आणि मग ह्याच्या कपाळावरच्या गंधाकडे बघितलं म्हणे.

पण आमच्या बैठकीला खरी रंगत आली ती मिस्त्रींमुळे. पोवई नाक्याजवळ त्यांचं चाळीस वर्षं गॅरेज होतं. इंग्रजी येत नाही, सबटायटल वाचायचा कंटाळा. ते फक्त गाड्या बघतात. आम्ही 'द वाइल्ड वन' लावला होता, 1953 चा, ज्यातून हा सगळा पसारा सुरू झाला तो. मार्लन ब्रँडो कातडी जाकीट आणि तिरकी टोपी घालून रुबाबात चाललाय. मिस्त्री म्हणाले, "गाडी उभी आहे ही." आम्ही म्हटलं, काहीतरीच काय, रस्ता पळतोय की. "रस्ता मागं पळतोय. ह्याची टोपी बघा. वारा लागतोय का तिला?" खरंच, जवळून दाखवलेला ब्रँडो स्टुडिओत आहे आणि रस्ता त्याच्या मागच्या पडद्यावर. ज्या सिनेमावर ब्रिटनच्या सेन्सॉरनं 1967 पर्यंत बंदी ठेवली, त्याच्या नायकाला आमच्या मिस्त्रींनी एका टोपीवरून पकडलं. नंतर ब्रँडोच्या ट्रायम्फच्या गिअरचा दांडा उजवीकडे दिसला तर खुर्चीतून उठले, "अरे, ही तर आपल्या जुन्या बुलेटची बहीण!" अमेरिकन गुंडांचा म्होरक्या आणि बुडाखाली इंग्रजी गाडी, हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

तेव्हा पहिला सल्ला : नाशकात एखादे जुने मेकॅनिक गाठा. ते नसतील तर शिंपी चालेल, जाकिटं बघायला. पण कथेशी देणंघेणं नसलेला एक माणूस हवाच.

आता चर्चचा प्रसंग. डर्नच्या पात्राचं नाव लूझर. तो मरतो, त्याची शवपेटी नाझी झेंड्यात गुंडाळून चर्चमध्ये आणतात, पाद्र्याला गप्प करतात, प्रेत बाहेर काढून बसवतात आणि मग जे सुरू होतं त्यात त्याच्या विधवेवर अत्याचारही होतो. तिचं काम डायन लॅडनं केलंय, जी तेव्हा डर्नची खरीच बायको होती. कॉर्मन हे सगळं भयानक आहे असंही दाखवतो आणि तिकीटही त्यावरच खपवतो. या सिनेमांची मेख तीच आहे. टोळी म्हटली की बाईवर हात टाकायचा प्रसंग आलाच. आमच्याकडे रिमोट माझ्या बायकोच्या हातात असतो आणि ती विचारत नाही, सरळ पुढं पळवते. गोष्टीत कधी काही कमी पडल्याचं जाणवलं नाही. आमच्याकडचा दुसरा नियम म्हणजे तशा प्रसंगावर हसायचं नाही. एकदा एक जण हसला. पुढचे दोन महिने त्याला माडीचा जिना चढू दिला नाही.

सुरुवात कशानं करावी? एरवी मी डोळे मिटून 'सायकोमेनिया' सांगितला असता. ब्रिटिश, 1973 चा. मोटरसायकलवाल्या पोरांच्या टोळीचं नाव 'लिव्हिंग डेड', म्होरक्याची आई आत्म्यांशी बोलणारी, घरात एक बेडूक आणि अतिशय सभ्य बटलर. तो बटलर म्हणजे जॉर्ज सँडर्स, त्याचा हा शेवटचा सिनेमा. म्होरक्या मरतो तेव्हा मित्र त्याला गाडीवर बसवूनच पुरतात, गाणं म्हणत, फुलं वाहत, हँडलवर हात ठेवलेला. आणि थोड्या वेळानं माती फोडून तो गाडीसकट बाहेर येतो. पुढं सुपरमार्केटमधून गाड्या घुसवतात तेव्हा मिस्त्री डब्यांच्या उतरंडी मोजत होते. आम्ही हसून बेजार.

पण त्या टोळीतले बाकीचे परत येण्यासाठी एकेक करून जीव देतात आणि सिनेमा ते विनोदानं घेतो. माझ्या ते लक्षातच नव्हतं. आमच्यातला एक जण "चहा टाकतो" म्हणून खाली गेला तो वर आलाच नाही. खाली गेलो तर चहा ओट्यावर गार होत होता आणि हा अंगणात उभा. त्याच्या धाकट्या भावाचं मला वीस वर्षं ठाऊक होतं. डिस्क लावताना सुचलं नाही. त्या रात्री सिनेमा तिथंच बंद केला आणि पुन्हा लावला नाही. तेव्हा तुमच्या पाचांत कुणाच्या घरी काय झालंय ते तुम्ही जाणता, त्यावरून ठरवा.

बिनघोर काहीतरी हवं असेल तर 1971 चा 'वेअरवुल्व्ज ऑन व्हील्स' लावा. लांडगा-माणूस मोटरसायकलवर, हे पोस्टरवर बघून लोक तिकीट काढायचे. पडद्यावर ते येतं अगदी शेवटी आणि अगदी चिमूटभर. तोवर तुमच्या गप्पा, शेंगा, भडंग सगळं होतं. काही नग्नता आहे, रिमोट योग्य हातात द्या. वहिनींना बोलावणार असाल तर निवड त्यांनाच करू द्या, 'शी-डेव्हिल्स ऑन व्हील्स' यादीत ठेवून. 1968, फ्लोरिडा, टोळी बायकांची, गाड्या बायकाच चालवतात आणि शर्यत जिंकणारी पुरुष निवडते. अभिनय आमच्या गणेशोत्सवातल्या नाटकापेक्षा बेताचा. माझ्या बायकोला मात्र तो तीनदा बघायचा होता.

प्रश्न : मुलाच्या मित्रांबरोबर माझ्या आईनंही असला एक सिनेमा थोडा बघितला. टोळीतल्या एकाच्या जाकिटावर स्वस्तिक बघून ती म्हणाली, "दिसायला दांडगट आहेत, पण देवाधर्माचे दिसतात." मुलं हसली, ती रागावली. मी तिला काय सांगू?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : आईंना माझा नमस्कार सांगा. स्वस्तिक त्यांच्या उंबऱ्यावर, देव्हाऱ्यात, नव्या वहीच्या पहिल्या पानावर हजारो वर्षांचं आहे. शंका येणारच. हसणाऱ्या पोरांना विचारा, त्या जाकिटांवर लोखंडी क्रूसही असतो, तो कसला? सांगता येणार नाही.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी जर्मनांची लोखंडी क्रूसासारखी पदकं, शिरस्त्राणं लूट म्हणून घरी आणली. त्यातल्या काहींचं घरात मन रमेना, त्यांनी स्वस्तातल्या लष्करी मोटरसायकली घेतल्या आणि टोळकी करून फिरायला लागले. 1947 च्या 4 जुलैला कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात अशांचा धुडगूस झाला. 'लाइफ' मासिकात फोटो छापून आला : हार्लेवर झोकांड्या खाणारा एक गडी, चाकांखाली बिअरच्या बाटल्यांचा खच. त्या बाटल्या फोटोसाठी गोळा करून मांडल्या होत्या, असं तिथं उभ्या असलेल्या माणसानं पुढं सांगितलं. पण तोवर 'मोटरसायकलवाला म्हणजे गुंड' हे पक्कं झालं होतं.

साठच्या दशकातल्या पोरांना युद्धाचं काही पडलेलं नव्हतं. बापाच्या पिढीचं डोकं कशानं फिरेल, तर ह्या खुणेनं. म्हणून ती छातीवर लावायची. 'द वाइल्ड एंजल्स'च्या सुरुवातीलाच महायुद्धात लढलेला एक वयस्क कामगार लूझरचं हे सोंग बघून भडकतो, ते त्याचमुळे. आईंना एवढंच सांगा की हिटलरनं तिरकं करून घेतलेलं ते, आपलं नव्हे. आणि पोरांना सांगा की आजीची माफी मागा.

प्रश्न : सिडनीला राहते. इथला 'स्टोन' तुम्ही बघितलाय का? नवरा म्हणतो, अमेरिकन सिनेमांपेक्षा सरस.
– एक वाचिका, ऑस्ट्रेलिया

उत्तर : नवऱ्याचं ऐका. 1974 चा; सँडी हार्बटनं दिग्दर्शनही केलं आणि टोळीच्या म्होरक्याचं कामही. टोळीतल्यांचे खून पडू लागतात आणि एक पोलीस त्यांच्यात राहायला येतो. पण तो अंत्ययात्रेचा प्रसंग! शेकडो खरे मोटरसायकलवाले, एका संथ लयीत, सबंध हमरस्ता भरून. आमच्या माडीवर तेव्हा पहिल्यांदा कुणी बोललं नाही. मिस्त्रीसुद्धा. नंतर म्हणाले, "कावासाकी आहेत, नऊशे सीसी. आमच्याकडे बजाजवाली आली ती शंभरची." टोळीतला टोड झालेला ह्यू कीज-बर्न नीट बघून ठेवा. 1979 च्या 'मॅड मॅक्स'मधला टोकटर तोच आणि 2015 च्या 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड'मधला मुखवटेवाला इमॉर्टन जोही तोच.

प्रश्न : 'ईझी रायडर' बघून वेड लागलंय. माझ्या बुलेटचं पुढचं चाक धरणारा फोर्क लांबवून त्यातल्यासारखी चॉपर करता येईल का?
– एक विद्यार्थी, कराड

उत्तर : पत्र मिस्त्रींना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "कराडचा आहे का? मग साताऱ्यात आला की यवतेश्वरचा घाट चढणार." मग पायातली चप्पल काढून तिचा अंगठ्याकडचा भाग पुढं ओढून दाखवला : फोर्क लांब आणि आडवा केला की सरळ रस्त्यावर गाडी राजासारखी जाते, हळू वेगात वळवायला गेलं की हँडल आपोआप एका बाजूला कोसळतं. 'ईझी रायडर'मधल्या फोंडाच्या गाडीला मागं सस्पेन्शन नव्हतं आणि पुढं ब्रेकच नव्हता, हे सांगितल्यावर त्यांनी कानाला हात लावला. शिवाय मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम आहे; कंपनीनं दिलेल्या रचनेत असा फेरफार चालत नाही, आरटीओ गाडी उचलून नेईल.

मिस्त्रींचा निरोप जसाच्या तसा : "फोर्कला हात लावू नकोस. शनिवारी ये, सीट घेऊन ये, ती खाली करून देतो. येताना वाटेत भडंग घे."