परतीचे भाडे, पडते दर आणि मोटरमालकाचा हिशेब

प्रश्न : माझ्या दोन बाराचाकी गाड्या वाडीहून नागपूर–हैदराबाद मार्गावर चालतात. ज्या भाड्यात डिझेल आणि टोलसुद्धा जेमतेम निघतो म्हणून मी नकार देतो, त्याहूनही कमी भाड्यात शेजारच्या कार्यालयातून त्याच मालाला गाडी लागते. हे लोक तोट्यात धंदा कसा करतात? संघटनेने किमान भाडे ठरवून ते सर्वांना बंधनकारक का करू नये?
— एक मोटरमालक, वाडी

उत्तर : आपण ज्याला तोट्याचा धंदा समजता, तो बहुतेक वेळा त्या गाडीच्या दृष्टीने तोट्याचा नसतो. हैदराबादहून माल घेऊन आलेली गाडी नागपुरात रिकामी होते, तेव्हा तिला भाडे मिळो वा न मिळो, परत जायचेच असते. टोल तिला दोन्ही परिस्थितींत तेवढाच लागतो. डिझेलचा भाव लिटरला 90 रुपये धरू आणि भरलेली गाडी लिटरला 4 किलोमीटर, तर रिकामी गाडी 6 किलोमीटर देते असे समजू. सुमारे 500 किलोमीटरच्या वाटेत भरलेल्या गाडीला 125 लिटर आणि रिकाम्या गाडीला 83 लिटर डिझेल लागेल. म्हणजे माल भरल्यामुळे वाढलेला डिझेलखर्च चार हजारांच्या आतच राहतो. त्यात दलाली, हमाली आणि मालासाठी थांबलेल्या दिवसाचा खर्च मिळवला, तरी त्यावर मिळणारी प्रत्येक रक्कम त्या मालकाच्या पदरात पडते. आपल्याला जे भाडे जाण्याचे आहे, तेच त्याला परतीचे आहे, आणि आपली गाडी हैदराबादेत रिकामी झाल्यावर आपणही तेथील मोटरमालकांशी नेमके हेच करता.

नागपुरात ही अडचण इतर शहरांपेक्षा अधिक जाणवते, कारण राष्ट्रीय महामार्ग 44 आणि 53 येथे एकमेकांना छेदतात आणि चारही दिशांच्या गाड्या येथे रिकाम्या होतात. बाहेरून येणारा माल जास्त आणि येथून भरून जाणारा माल कमी अशी स्थिती ज्या मार्गावर असेल, त्या मार्गावर परतीचा दर हाच बाजारभाव होऊन बसतो. अशा मार्गावर केवळ एका बाजूच्या भाड्यावर गाडी चालवण्याचा आग्रह धरणे आपल्याला परवडणार नाही.

म्हणून हिशेब जाण्यायेण्याच्या पूर्ण फेरीचा करावा, एका बाजूच्या खेपेचा नव्हे. आपले आकडे वेगळे असतील, पण पद्धत कळावी म्हणून एक उदाहरण देतो. बँकेचा हप्ता, चालकाचा पगार, विमा, परमिट, फिटनेस आणि कर मिळून एका गाडीचा महिन्याचा बांधील खर्च 96,000 रुपये आहे आणि ती महिन्याला 6,000 किलोमीटर चालते, असे समजू. बांधील खर्च किलोमीटरला 16 रुपये पडला. डिझेल, टोल, टायर आणि दुरुस्ती मिळून चालता खर्च 34 रुपये धरला, तर 1,000 किलोमीटरच्या जाण्यायेण्याला 50,000 रुपये मिळायला हवेत. जाताना 24,000 आणि येताना 18,000 मिळाले, तर चालता खर्च निघून 8,000 रुपये उरतात, आणि नेमके तेच फसवे असतात. गाडी उभी ठेवण्यापेक्षा ही फेरी बरी, हे खरेच. परंतु बांधील खर्चातले 8,000 रुपये तरीही भरून निघालेले नसतात. असे सहा महिने चालले की टायर बदलायला आणि विमा भरायला कर्ज काढावे लागते. आपल्या प्रत्येक गाडीचे हे दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवावेत. चालता खर्च निघत नसेल तर गाडी हलवू नये. पूर्ण खर्च निघत नसेल तर तो मार्ग कायमचा धरू नये. बांधील खर्च कमी पाडण्याचा दुसरा उपाय म्हणजे किलोमीटर वाढवणे. याच उदाहरणातली गाडी महिन्याला 8,000 किलोमीटर चालली, तर किलोमीटरचे ते 16 रुपये 12 वर येतात. हैदराबादहून थेट परतीचे भाडे पडलेले असेल, तेव्हा तेथून रायपूरचा माल घेऊन पुढे रायपूरहून लोखंड भरून नागपूर गाठणे, अशी तिकोनी फेरी जुळते का, हेही पाहावे.

संघटनेने भाडे ठरवण्याची आपली सूचना तळमळीची आहे, पण ती कायद्यात बसत नाही. स्पर्धा कायदा, 2002 च्या कलम 3 नुसार स्पर्धकांनी मिळून दर ठरवणे स्पर्धाविरोधी मानले जाते आणि त्यासाठी संघटनेलाही दंड होऊ शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 67 नुसार मालवाहतुकीचे किमान आणि कमाल भाडे ठरवण्याबाबत निर्देश देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे, त्यामुळे मागणी करायची ती शासनाकडे. संघटनेची खरी ताकद मला दुसरीकडे दिसते आणि ती म्हणजे जादा भाराविरुद्ध उभे राहणे. 2018 साली केंद्राने वजनाची मर्यादा वाढवली आणि दहाचाकीचे मालासह एकूण वजन 25 टनांवरून 28.5 टनांवर गेले. तेवढाच माल कमी गाड्यांत मावू लागला आणि भाड्यासाठी उभ्या गाड्या वाढल्या. त्या मर्यादेच्याही वर पाच टन माल भरून जो टनामागे दर पाडतो, त्याच्याशी नियमाने चालणाऱ्याची बरोबरी कोणत्याही हिशेबात होणार नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंडाची तरतूद आहे, आणि ती गाडी चालवणाऱ्याइतकीच चालवायला लावणाऱ्यालाही लागू होते. वजनकाट्यावर ही तरतूद रोज पाळली गेली, तर भाडे आपोआप सावरेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : भाडे ठरल्याप्रमाणे मिळते, पण बाकी रक्कम दोन-तीन महिने अडकते आणि माल उतरवायला गाडी दोन दिवस उभी राहिली तरी हॉल्टिंग कोणी देत नाही. काय करावे?
— एक वाहतूकदार, कळमना

उत्तर : आपली बिल्टी, म्हणजे माल भरल्याची वाहतूक पावती, काढून पाहा. हॉल्टिंगचा, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याच्या भरपाईचा, रकाना बहुधा कोरा असेल. वरच्या उत्तरातल्या उदाहरणाच्या गाडीचा उभ्या दिवसाचा बांधील खर्च 3,200 रुपये होतो. दोन दिवसांत ठरलेल्या भाड्यातून 6,400 रुपये गेले, म्हणजे आपणच नकळत दर पाडला. किती तास मोफत आणि त्यानंतर दिवसाला किती, हे गाडी लावण्यापूर्वी लिहून घ्यावे आणि पोच पावतीवर गाडी पोहोचल्याची व रिकामी झाल्याची वेळ शिक्क्यासह नोंदवून घ्यावी.

थकबाकीसाठी आपला व्यवसाय सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणीत (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीत) असणे आवश्यक आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि त्यासाठी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या शासकीय परिषदेकडे, दाद मागता येते. नोंदणी मात्र आधीच केलेली असावी. थकबाकी झाल्यावर केलेली नोंदणी मागच्या बिलांना कामी येईलच असे नाही.

प्रश्न : आमचा बुटीबोरीत छोटा कारखाना आहे. सर्वांत कमी भाडे सांगणाऱ्याला माल देण्यात आमचे काय चुकते?
— एक उद्योजिका

उत्तर : परतीच्या गाडीने स्वस्तात माल पाठवण्यात काहीही गैर नाही. मात्र रस्ता वाहतूक कायदा, 2007 आणि त्याखालील नियमांनुसार, जादा जोखीम दर देण्याचे लेखी ठरलेले नसेल, तर माल हरवल्यास वा खराब झाल्यास वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित असते. 18,000 रुपये भाड्यावर ती 1,80,000 रुपये होते, मग आत 20 लाखांची यंत्रे का असेनात. म्हणून गाडीच्या विम्यावर न विसंबता मालाचा स्वतंत्र विमा घ्यावा, वाहतूकदाराची कॉमन कॅरियर (भाड्याने माल वाहणारा) म्हणून असलेली नोंदणी तपासावी आणि गाडीच्या नोंदणी पुस्तकातले वजन मालाशी ताडून पाहावे. नेहमीच्या मालासाठी डिझेलच्या भावाशी भाडे जोडणारा वर्षभराचा करार करून ठरल्या तारखेला पैसे देणाऱ्या कारखान्याला हंगामातही गाडी मिळते. दिवाळीच्या तोंडावर गाड्या कमी पडू लागल्या की परतीच्या स्वस्त भाड्यावर विसंबलेल्यांना दीडपट दर देऊनही वाट पाहावी लागते.