पस्तिशी ओलांडल्यावर मोनोन्यूक्लिओसिस झालाय. ताप गेला, थकवा जात नाही. कामाला कधी लागता येईल?

ताप गेला म्हणजे दुखणं गेलं, असं ज्याने तुम्हाला सांगितलंय त्याचं ऐकू नका. खरं तर मी इथे नुसता वाचतो, लिहीत नाही. पण तुमच्या प्रश्नाखाली "घरचे म्हणतात आता बरा आहेस, उगाच लोळू नकोस" हे वाक्य दिसलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी माझ्या सख्ख्या थोरल्या भावाच्या तोंडून ऐकलंय, जवळपास शब्दाला शब्द.

मला हा मोनो, म्हणजे लाळेतून पसरणाऱ्या एका विषाणूचा आजार, झाला तेव्हा मी ३६ वर्षांचा होतो. पहिले तीन दिवस साधा फ्लू वाटला. चौथ्या दिवशी घसा असा धरला की स्वतःची थुंकी गिळायची म्हटली तरी आधी मनाची तयारी करावी लागायची. उशाशी वाटी ठेवून त्यातच थुंकत होतो. मोबाइलच्या उजेडात आरशात पाहिलं तर दोन्ही टॉन्सिलवर साय धरल्यासारखा पांढरा थर. ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनीही तोच पाहिला आणि अॅमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिन गटातलं अँटिबायोटिक लिहून दिलं. नवव्या दिवशी सकाळी बनियन काढलं तर छाती-पोटावर लाल शाई झटकल्यासारखे ठिपके, संध्याकाळपर्यंत ते मांड्यांवर उतरलेले. मोनोमध्ये हे औषध पोटात गेलं की बऱ्याच जणांना असं पुरळ येतं. ती दरवेळी खरी अॅलर्जी असतेच असं नाही. पण माझ्या फाइलवर "पेनिसिलिन अॅलर्जी" असा शिक्का बसला आणि तो पुसायला मला पुढे तीन वर्षं लागली. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर बरे झाल्यावर अॅलर्जीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या.

दुसऱ्या डॉक्टर बाईंनी घसा पाहायच्या आधी मानेची मागची बाजू चाचपली. तिथे गाठी होत्या, दाबल्या की दुखणाऱ्या. मग डाव्या बरगडीखाली बोटं रुतवून "श्वास घ्या" म्हणाल्या आणि थांबल्या. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट या प्रकारच्या पेशी निम्म्याहून जास्त आणि त्यातल्या बऱ्याच "अटिपिकल", म्हणजे नेहमीपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या. एसजीपीटी, म्हणजे यकृताला सूज आली की वाढणारा आकडा, २८०. मोनोची झटपट चाचणी मात्र निगेटिव्ह! मी खूश झालो, त्या अजिबात झाल्या नाहीत. पहिल्या आठवड्यात ही चाचणी साधारण चारातल्या एका रुग्णाला चकवते, असं म्हणून त्यांनी ईबीव्हीच्या, म्हणजे मोनो करणाऱ्या एपस्टाइन-बार विषाणूच्या, अँटिबॉडी तपासायला पाठवल्या. त्यातलं व्हीसीए आयजीएम पॉझिटिव्ह आलं, ईबीएनए निगेटिव्ह. म्हणजे संसर्ग ताजा. ईबीएनए उशिरा, काही आठवडे ते महिन्यांनी उगवतं. ते आधीच पॉझिटिव्ह असतं तर विषाणू जुना आणि दुखणं दुसरंच कसलं तरी, असा अर्थ निघाला असता.

औषध काय? काही नाही. अॅसायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाने फरक पडत नाही. स्टेरॉइड घसा सुजून श्वास अडायला लागला तर, एरवी नाही. पाणी, झोप आणि तापाला पॅरासिटामॉल, तेही यकृत आधीच कुरकुरत असल्यामुळे डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. वर एक ताकीद: डाव्या बरगडीखालची प्लीहा सुजली आहे, महिनाभर वजन उचलायचं नाही, पोटाला धक्का बसेल असं काही करायचं नाही.

आता दादा. हा माणूस वाईट नाही, माझ्या शिक्षणाचा अर्धा खर्च त्याने केलाय, हे आधीच सांगून टाकतो. पण आजारपणाच्या बाबतीत त्याचा एकच नियम आहे: थर्मामीटर म्हणेल ते खरं. त्यातून मी आजाराचं नाव सांगितलं, त्याने ते गूगलवर शोधलं, त्याला "किसिंग डिसीज" सापडलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "कुणाचं उष्टं खाल्लंस रे?" वहिनी हसली, माझी बायको हसली नाही. त्याला तेव्हा सांगायचं राहिलं ते इथे सांगतो. हा विषाणू जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात मुक्कामाला आहे, बहुधा दादाच्याही. लहानपणी शिरला तर किरकोळ सर्दीवर भागतं, कळतही नाही. मोठेपणी पहिल्यांदा भेटला की असा झोडपतो. एकदा शिरला की जन्मभर राहतो आणि मधूनमधून लाळेत उतरतो, माणूस ठणठणीत असला तरी. शिवाय विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत चारेक ते सहा आठवडे जातात. तेव्हा "कुणाकडून" हा शोध घेणं व्यर्थ आहे.

आणि "हा पोरांचा आजार, तुला कसा होईल" हेही त्याचंच. एपस्टाइन, बार आणि अचाँग या शास्त्रज्ञांनी हा विषाणू १९६४ मध्ये शोधला तो एका कॅन्सरच्या पेशींत. मोनो त्याच्यामुळेच होतो हे नंतर कळलं, तेही फिलाडेल्फियात हेन्ले या विषाणूतज्ज्ञ दांपत्याच्या प्रयोगशाळेत काम करणारी एक तंत्रज्ञ मोनोने आडवी झाली म्हणून. तिच्या रक्तात आधी या विषाणूच्या अँटिबॉडी नव्हत्या, आजारानंतर सापडल्या. म्हणजे हा दुवा जुळला तो नोकरी करणाऱ्या बाईच्या आजारपणातून, शाळकरी पोराच्या नव्हे.

तर विसावा दिवस. ताप जाऊन पाच दिवस झाले होते. थकवा म्हणाल तर दात घासताना बादली पालथी घालून तिच्यावर बसत होतो. त्याच दिवशी दादाचं घर हलवायचं होतं. येतो म्हणालो, पण सामानाला हात लावणार नाही, प्लीहा सुजली आहे. "ताप आहे का?" नाही. "मग प्लीहाबिहा काय घेऊन बसलायस?" दुपारी वॉशिंग मशीन जिन्याच्या वळणावर अडकलं. खालून दादा, वर एक मजूर, आणि दादाचा तो आवाज: "एक हात लाव फक्त." लावला. चार पायऱ्या. मशीनची कड डाव्या बाजूला पोटात रुतली, मला नीट आठवतंय, कारण त्या क्षणी डॉक्टर बाईंची बोटं आठवली होती.

रात्री आठच्या सुमारास डाव्या बरगडीखाली कळ, आणि नंतर डाव्या खांद्यात, जिथे काहीच लागलं नव्हतं. प्लीहा फुटून पोटात रक्त उतरलं की छाती आणि पोटामधला पडदा चाळवतो आणि दुखतो मात्र खांदा, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बायकोने वाचून ठेवलं होतं. तिने मला कपडेही बदलू दिले नाहीत. सोनोग्राफीत प्लीहा १५ सेंटिमीटर, म्हणजे सुजलेलीच, निघाली. फुटलेली नव्हती, पोटात रक्त नव्हतं. खांदा बहुधा स्नायूचाच. एक रात्र देखरेखीखाली ठेवलं आणि सोडलं.

दादा सकाळी आला. पाच मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, "बघ, काही झालं नाही ना?"

या वाक्यावर आमचं आजही वाजतं. काही झालं नाही म्हणजे धोका नव्हता, असं नसतं. प्लीहा फुटणं दुर्मीळ आहे, शंभरात एकाच्याही खाली, हे मलाही मान्य. पण ते होतं तेव्हा बहुतेकदा पहिल्या तीन-चार आठवड्यांत होतं, आणि नेमका त्याच सुमारास ताप गेलेला असतो आणि घरच्यांचा धीर सुटलेला असतो. सुजलेली प्लीहा बाहेरून दिसत नाही. पायाला प्लास्टर असतं तर दादाने मला बसायला खुर्ची दिली असती.

तुमचा प्रश्न कामाचा होता. मी टेबलावरचं काम पाचव्या आठवड्यात सुरू केलं, अर्धा दिवस, आणि पहिल्याच सोमवारी पूर्ण दिवस ताणला तर मंगळवार-बुधवार अंथरुणात गेले. त्यानंतर एक हिशेब ठेवला: आज जेवढं केलं ते उद्या सकाळी बाधलं नाही तरच वाढवायचं. तीन महिन्यांनी दुपारची झोप सुटली. बहुतेकांना याहून लवकर बरं वाटतं, काहींचा थकवा सहा महिनेही रेंगाळतो. कामावर न जाण्याची ठरावीक मुदत नसते, जमेल तेव्हा जावं. तुमचं काम ओझी उचलायचं असेल किंवा धक्काबुक्कीचे खेळ खेळत असाल तर मात्र डॉक्टरांनी पोट तपासून हो म्हटल्याशिवाय नाही. साहेबाला "थकवा" सांगू नका, थकवा सगळ्यांनाच असतो. यकृताचे आकडे दाखवा, कागदाला मान असतो. घरच्यांनाही तोच कागद दाखवा.

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगायला हवं होतं. सीएमव्ही हा दुसरा एक विषाणू, टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी आणि एचआयव्हीचा अगदी सुरुवातीचा संसर्गही मोनोसारखाच दिसतो, त्यामुळे निदान रक्तावर झालंय की नुसतं घशात बघून, ते तपासा. चाळिशीच्या पुढे तर घसा फारसा न धरताच नुसता लांबलेला ताप आणि कावीळ अशीही गाडी येते. यकृताचे आकडे खाली येईपर्यंत दारू बंद. डाव्या बरगडीखाली एकदम कळ आली, चक्कर आली, श्वास किंवा गिळणं अडलं तर उत्तरं वाचत बसू नका, निघा.

रिपोर्टमधलं काही कळलं नाही तर विचारा. कुणाकडून झाला असेल, ते सोडून.