प्रश्न तुमचे : संगणकाविना मूळ संख्येची पारख

प्रश्न : २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ आहे, हे संगणक नसताना कसे ठरवले?

उत्तर : गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये ते सिद्ध केले. या संख्येचे वर्गमूळ ४६,३४० हून किंचित मोठे असल्याने तेथपर्यंतचेच मूळ विभाजक तपासणे पुरते. मात्र तेही साडेचार हजारांहून अधिक भरतात. खरे सौंदर्य पुढेच आहे. घातांक ३१ स्वतः मूळ असल्यामुळे, मूळ विभाजक असलाच तर त्याला ६२ ने भागून बाकी १, तसेच ८ ने भागून १ किंवा ७ उरलीच पाहिजे. या दोन्ही अटींत शंभराहूनही कमी मूळ संख्या बसतात, आणि त्यांपैकी एकीनेही भाग जात नाही. घातांक ११ घेतल्यास मात्र २०४७ मिळते, जी २३ गुणिले ८९ आहे, आणि या दोन्ही विभाजकांना २२ ने भागल्यास बाकी १ च उरते.