तेलाचा स्प्रे : बचत किती, चिकटा किती?

प्रश्न : तेल कमी वापरले जावे म्हणून आम्ही काही महिन्यांपासून तेलाचा तयार स्प्रे वापरत आहोत. डब्यावर ‘शून्य फॅट’ असे छापलेले आहे. ते कितपत खरे मानावे? शिवाय नॉनस्टिक पॅनच्या कडेला तपकिरी, चिकट थर जमला असून तो घासूनही निघत नाही. स्वयंपाकाखेरीज हा स्प्रे घरात आणखी कशासाठी वापरता येईल? – एक वाचक

उत्तर : डब्यात तेलच आहे आणि कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅममधून सुमारे 9 कॅलरी मिळतात, त्यामुळे ‘शून्य’ हा केवळ हिशेबाचा खेळ आहे. अमेरिकेतील नियमांनुसार एका वापरात अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी फॅट असेल तर ते शून्य लिहिता येते, आणि तिथल्या डब्यांवर हा ‘एक वापर’ साधारण पाव सेकंदाच्या फवाऱ्याइतका धरलेला असतो. एवढ्या वेळात बोट उचलणारा माणूस विरळाच! तरीही चमचाभर तेलात साडेचार ग्रॅमच्या आसपास तेल असते, त्यामानाने एक-दोन सेकंदांचा फवारा बराच कमी भरतो. म्हणजे बचत खरी आहे, पण बटण दाबून धरण्याची सवय लागली की तीही उरत नाही.

तुमच्या पॅनवरील थराचे मूळ मात्र निराळे आहे. दाबाच्या डब्यात तेलाबरोबर बहुधा लेसिथिन हा पदार्थ असतो, जो तेल पातळ व एकसारखे पसरण्यास मदत करतो. फवाऱ्याचे बारीक थेंब पॅनच्या कडांवरही बसतात. तिथे अन्न नसल्यामुळे ते नुसतेच तापत राहतात आणि प्रत्येक वापरागणिक वार्निशासारखे घट्ट होत जातात. मग त्या कडांनाच अन्न चिकटू लागते आणि आपण पॅनला दोष देतो. नॉनस्टिक भांड्यांच्या अनेक माहितीपत्रकांत असे स्प्रे वापरू नयेत अशी सूचना असते, पण ते पत्रक वाचतो कोण? खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याचा लेप थरावर काही वेळ ठेवावा आणि मऊ स्पंजने हळूहळू चोळावे. तारेची घासणी वापरल्यास थराबरोबर लेपनही निघून जाईल.

माझ्या मते, रोजच्या वापरासाठी आपल्याच तेलाने भरता येणारी पंपाची बाटली अधिक बरी. तिच्यात लेसिथिन नसते आणि ज्वलनशील वायूही नसतो. मात्र जुन्या तेलावर नवे ओतत राहिल्यास ते खवट होते व तोंड बुजते, म्हणून पुन्हा भरण्यापूर्वी बाटली गरम साबणपाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. तिच्यात लसणाच्या पाकळ्या मुळीच घालू नयेत. तसे तेल फ्रीजबाहेर ठेवणे विषबाधेच्या दृष्टीने धोक्याचे असते. नक्षीदार केकच्या साच्यांसाठी मात्र तयार स्प्रेच सोयीचा, कारण खाचाखोचांत ब्रश नीट पोहोचत नाही.

इतर उपयोगांपैकी काही खरोखर कामाचे आहेत. मध मोजण्यापूर्वी चमच्याला हलका फवारा मारला तर तो सगळा घसरून खाली येतो, आणि टोमॅटोचा रस्सा ठेवण्यापूर्वी प्लॅस्टिकच्या डब्याला आतून फवारा मारल्यास डाग कमी पडतात. बरणीवरील लेबलाचा डिंकही तेलाने सुटतो. दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीवर मात्र तो मारू नये, कारण काही दिवसांनी तेल चिकट होऊन धूळ धरते.

फवारा नेहमी सिंकवर धरून मारावा, नाहीतर फरशी निसरडी होते आणि कुणीतरी घसरून पडते. डब्यात ब्यूटेन किंवा प्रोपेनसारखा वायू असू शकतो, म्हणून पेटत्या शेगडीजवळ फवारा मारू नये. भांडे थंड असतानाच तेल लावावे आणि मग ते गॅसवर चढवावे. डबा शेगडीशेजारच्या फळीवर किंवा उन्हात ठेवू नये. रिकामा वाटणारा डबाही भोसकू अथवा जाळू नये, कारण त्यात दाबाखालचा थोडा वायू उरलेला असतो.