आइस हॉकीमध्ये खेळाडूने पक (खेळातली रबरी चकती) लांब मारला की कधीकधी लगेच शिट्टी का वाजते?

ते 'आयसिंग' असतं: खेळाडूने मधल्या लाल रेषेच्या अलीकडून, म्हणजे स्वतःच्या अर्ध्या भागातून मारलेला पक वाटेत कुणालाही न लागता प्रतिस्पर्ध्याची गोलरेषा ओलांडून गेला की खेळ थांबतो. पक थेट जाळ्यात गेला तर मात्र तो गोलच. दडपणाखालच्या संघाने पक नुसता लांब भिरकावून सुटका करून घेऊ नये, यासाठी एनएचएलने (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग) 1937 मध्ये हा नियम आणला. शिक्षा वरवर किरकोळ वाटते, पण चांगलीच बोचते. फेसऑफ, म्हणजे दोन खेळाडूंमध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणं, दोषी संघाच्याच गोलजवळ होतो, आणि एनएचएलमध्ये त्या संघाला तेव्हा खेळाडू बदलता येत नाहीत, म्हणजे दमलेल्यांनाच पुन्हा बचाव करावा लागतो. सामन्याच्या शेवटी याची किंमत फार मोठी असते.

शिट्टी कधी उशिरा येते, कधी येतच नाही, कारण एनएचएलमध्ये 2013-14 च्या हंगामापासून 'हायब्रिड' पद्धत आहे. गोलजवळच्या फेसऑफच्या ठिपक्यांपर्यंत पकच्या शर्यतीत बचाव करणारा पुढे असेल तर आयसिंग, पक मारणाऱ्या संघाचा खेळाडू पुढे असेल तर खेळ चालू. गोलरेषेपर्यंत जिवाच्या आकांताने धावताना होणाऱ्या धडका टाळण्यासाठी हा बदल झाला, आणि तो अगदी योग्य होता.

एक अपवाद लक्षात ठेवा: पेनल्टीमुळे एक खेळाडू कमी असलेल्या संघाला एनएचएलमध्ये आयसिंग लागू होत नाही. लहान मुलांच्या काही स्पर्धांत ही सवलत नसते.